फळीवरचे अब्बा

१

आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळी प्रत्येक घरात एक पुरुष फळीवर असतो.

कुणाचा नवरा कुवेतला, कुणाचा मुलगा मस्कतला. बायका रांधायला बसल्या की फोन लावतात आणि चहा-साखरेच्या डब्यांना टेकवून फळीवर ठेवतात. फार बोलणं होत नाही. तिकडे तो कपडे इस्त्री करतो, इकडे आपण कांदा चिरतो. मध्येच तो विचारतो, आज कालवण कसलं. तेवढ्यावर घरात माणूस आहे असं वाटतं.

माझे मिस्टर तौहीद चार वर्षांपासून कुवेतला आहेत. समुद्राचं पाणी गोडं करतात तिथल्या कारखान्यात ते रात्रपाळीला असतात. त्यामुळे आमची संध्याकाळ ही त्यांची मोकळी दुपार. दिघीच्या अलीकडे खाडीकाठी आमचं घर आहे. पुढे पडवी, मध्ये खोली, मग स्वयंपाकघर आणि मागचं दार. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. आता मी आणि दहा वर्षांची जवेरिया, दोघीच.

जूनमध्ये शाळेत पालकांची सभा झाली. नूतन बाई जवेरियाच्या वर्गशिक्षिका. मोबाइलवर मुलांना कोण कसं फसवतं, याची उदाहरणं त्यांनी दिली. शेजारच्या तालुक्यातल्या एका मुलीचं ऐकून मी पिशवीतून वही काढली. फोन घराच्या मध्ये, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवा, बाई म्हणाल्या. अनोळखी माणूस यादीत नको. पासवर्ड आईला माहीत हवा. आणि मुलांना सारखं विचारत राहा, समोर कोण आहे.

मी दहावीपर्यंत शिकले. सांगितलेलं वहीत उतरवून घ्यायची मला सवय आहे. घरी येऊन सगळं तसंच केलं. जवेरियाच्या फोनवरचं सगळं काढून टाकलं आणि मुलांसाठी असतं तसलं एक अॅप टाकलं. त्यात एकच नंबर, तिच्या अब्बांचा. त्यांचा फोन आला की आपोआप उचलला जाईल अशी सोयही त्यात होती, कारण संध्याकाळी माझे हात पिठाचे असतात. समुद्रावरच्या एका लॉजला मी रोज साठ तांदळाच्या भाकऱ्या देते. पावणेसहाला डबा घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत जायचं, रिक्षावाल्याकडे द्यायचा आणि परत यायचं. वीस-पंचवीस मिनिटं जातात. तेवढा वेळ जवेरिया फोनसमोर अभ्यास करत बसे.

“अब्बा बघतायत हां,” असं सांगून मी निघायची. मला त्यात कसलीच काळजी वाटत नव्हती.

२

डिसेंबरातला सोमवार होता. रिक्षा लवकर आली, म्हणून मीही लवकर परतले. जवेरिया पाढे लिहीत होती. फळीवर तौहीद होते. मागे त्यांच्या खोलीची पिवळट भिंत, रोजचीच.

आमच्या मशिदीत अजान नजमुद्दीन चाचा देतात. वय झालंय त्यांचं. माइक चालू केला की ते त्यावर नखाने दोनदा टकटक करतात, मग एकदा खोकतात, मग सुरू करतात. लहानपणापासून ऐकतोय आम्ही. मुलं त्यांची नक्कल करतात.

मी पाणी प्यायला मडक्यावरची वाटी उचलली, तेव्हा फोनमधून आवाज आला. टक, टक. मग खोकला.

मग मशिदीच्या भोंग्यातून आला. टक, टक. खोकला. आणि अजान.

मी वाटी तशीच धरून उभी राहिले. कुवेतला मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, आमच्यानंतर तास-सव्वा तासाने होते. तिकडे अजून ऊन असायला हवं होतं. बरं, आपलाच आवाज फोनमधून तिकडे जाऊन परत येतो हे मला माहीत आहे, पण तो नंतर येतो. आधी कसा येईल?

“तिकडे अजान झाली?” मी विचारलं.

तौहीद माझ्याकडे बघत राहिले. रोज मला बघितलं की ते म्हणतात, लॉजवाल्यांना साठ आणि मला एक पण नाही. त्या दिवशी म्हणाले नाहीत.

“झाली,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “आज लवकर आलीस.”

मी स्वतःची समजूत घातली. शेजारच्या घरात कुणाचा तरी फोन चालू असेल, आवाज कुठून कुठे जातो. नेटचं आपल्याला काय कळतं? भाकरीचा तवा घासायला घेतला आणि विसरूनही गेले. विसरले असं तेव्हा वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी केस विंचरताना जवेरिया आपणहून म्हणाली, “अम्मी, दोन दिवस झाले, अब्बा अभ्यास विचारत नाहीत.”

“मग काय विचारतात?”

“घर दाखव म्हणतात. मी फोन घेऊन सगळीकडे फिरते. काल मागच्या दारापाशी नेलं. कडी वर लावलीय की खाली, ते विचारत होते.”

“आणि?”

“मी सांगितलं वर. मला काढता येते का विचारलं. मी म्हटलं, घट्ट आहे, पण बत्त्याने ठोकली की निघते.” ती हसली. “मग म्हणाले, शाबास.”

आमची ती कडी खरंच जाम आहे. खारी हवा, गंज चढतो. खलबत्त्यातला बत्ता घेऊन खालून ठोकावी लागते आणि तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जातो.

खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटलं. बाप परदेशात, दोघी बायकामाणसं घरात, त्याला दारं-कड्यांची काळजी वाटणारच. उलट इतकी वर्षं कसं विचारलं नाही, असं मनात आलं.

“अम्मी किती वेळाने येते, ते पण दोन्ही दिवस विचारलं,” जवेरिया म्हणाली.

मी तिची वेणी घातली, रिबिनीची गाठ मारली आणि तिला समोर वळवून सांगितलं, “अब्बा सांगतील ते ऐकायचं. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. कळलं?”

तिने मान डोलावली. ती माझं सगळं ऐकते. आज्ञाधारक मुलगी आहे माझी.

४

सखुबाई कोळीण बुधवारी मांदेली घेऊन आली. पडवीच्या पायरीवर पाटी टेकवली, कंबरेचा बटवा सैल केला आणि आत डोकावून म्हणाली, “निजलाय काय अजून?”

“कोण?”

“तुजा नवरा गो. आला ना दुबयवरून.” तिच्या हिशेबी समुद्रापलीकडचं सगळं दुबईच.

“ते कुवेतला आहेत, सखुबाई. जानेवारीत येणार.”

“न्हाय आला?” ती मांदेली मोजता मोजता थांबली. “मंग मागल्या दारात कोन हुबा व्हता काल सांजेला? दुसरा केलास काय?”

मीही हसले. “काहीतरीच काय. माड बघितला असशील.”

“माडाला टोपी आस्ते? मी खाडीवरून येत व्हते. दाराला कान लावून हुबा. मी म्हटलं, तौहीदशेठ, आम्हाला काय आनलंत? बगितलान माज्याकडं, त्वांड हलवलान. आवाज काय आला न्हाय.” तिने हाताने कानाशी फोनचा आकार केला. “फोनात कसा मानूस दिसतो पन आवाज जातो मदीच, तसा. मला वाटलं, पैसा आला, आता कोळनीशी बोलायची लाज वाटत आसंल.”

“किती वाजले होते?”

“बांग व्हायची व्हती. तू डबा घेऊन चालली व्हतीस ना रस्त्याला, तवाच.”

ती गेल्यावर मी मागे जाऊन बघितलं. धुण्याचा दगड, नारळाच्या सोडणांचा ढीग, कुंपणाचा दगडी गडगा. दाराबाहेरच्या पायरीवर मी सकाळीच झाडलेलं होतं. काही नव्हतं. दारावर मात्र माणसाच्या कानाइतक्या उंचीवर एक ओलसर डाग होता. बोट लावून जिभेवर टेकवलं. खारा होता. डिसेंबरात दारं ओली कशी होतील, याचा विचार करत मी बराच वेळ तिथे उभी होते.

त्या संध्याकाळी भाकऱ्या केल्याच नाहीत. लॉजवाला तोंडाला येईल ते बोलला. मी जवेरियाच्या शेजारी बसून राहिले. फोन वेळेवर लागला. मी हलले की तौहीदची नजर माझ्यामागे फिरे. शेवटी म्हणाले, “आज गेली नाहीस,” आणि फोन बंद झाला.

मी एवढा बारीक, एवढा कडू आवाज त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

५

गुरुवारी सकाळी माझ्या फोनवर परक्या नंबरवरून कॉल आला. कुवेतचाच नंबर, पण ओळखीचा नाही. चित्र नाही, नुसता आवाज.

“तैयबा? मी बोलतोय. खोलीतल्या साजिदचा फोन आहे. अगो, माझा फोन रविवारी टाकीत पडला. वीस फूट पाण्याखाली आहे. तुझा नंबर पाठ नव्हता, कालच एका जुन्या कागदावर सापडला. घाबरलीस ना?”

मी पाटावर बसले. “रविवारी पडला?”

“रविवारी पहाटे, पाळी संपताना.”

“आणि सोमवारी? मंगळवारी? काल?”

“कुठून करणार गो? सांगतोय ना, फोनच नाही.”

“तुम्ही रोज लावताय,” मी म्हटलं. “रोज फळीवर असता तुम्ही.”

मग ते बोलले तेव्हा आवाज बदलला होता. “तैयबा, खरं सांग. संध्याकाळी कुणाशी बोलतेस तू?”

“तुमच्याशी,” मी म्हटलं.

लग्नाला चौदा वर्षं झाली. त्यांनी माझ्यावर कधी संशय घेतला नव्हता. त्या सकाळी घेतला. मी रडले, ते ओरडले, मग साजिदला फोन परत द्यायची वेळ झाली.

मी शाळेत गेले. नूतन बाईंनी मला रिकाम्या वर्गात बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. त्या जराही दचकल्या नाहीत.

“ताई, हल्ली चेहरा आणि आवाज दोन्ही बनवता येतात. दोन-चार मिनिटांचं चित्रण हाताशी असलं की पुरतं.”

“ते चार वर्षं रोज फळीवर असतात, बाई.”

“मग बनवणाऱ्याला काय कमी पडलं?” त्या म्हणाल्या. “कुणीतरी तुमच्या मिस्टरांचं खातं उघडलंय. ते अॅप काढा. फोन बंद करून ठेवा, पुरावा आहे तो. सोमवारी आपण दोघी अलिबागला जाऊन तक्रार देऊ.”

“एकदा काहीतरी विचारून बघू का? फक्त यांनाच माहीत असेल असं?”

“अजिबात नको. तुम्ही जे विचाराल, ते त्याला शिकवाल.”

मला पटलं. पण घरी येताना वाटेत दुसरंच मनात यायला लागलं. ज्याचं तोंड दिसतं तो खोटा आणि ज्याचा नुसता आवाज आला तो खरा, हे मला कशावरून कळलं? बनवाबनवीच असेल, तर सकाळचा फोन का नसेल?

म्हणून मी विचारायचं ठरवलं. बाईंचं एवढं एकच मी ऐकलं नाही.

६

जवेरियाला पडवीत भांडी मांडून खेळायला बसवलं. फोन वेळेवर लागला.

जवेरियाच्या आधी माझं एक मूल पोटातच गेलं. सातवा महिना होता. मुलगा होता. त्याचं नाव आम्ही दोघांनी ठरवलेलं होतं. ते आम्ही कुणालाही सांगितलं नव्हतं, सासूबाईंनाही नाही.

“पहिल्याचं नाव काय ठेवणार होतो आपण?” मी विचारलं.

“झियान,” तो म्हणाला. लगेच. विचारसुद्धा करावा लागला नाही.

माझ्या जिवात जीव आला. म्हणजे हेच खरे. मी हसले, डोळे पुसले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“आणखी सांगू?” तो म्हणाला.

“काय?”

“अम्मीचा जनाजा निघाला, घरातले सगळे पुढे गेले आणि तू इथे चुलीपाशी एकटी होतीस. काय म्हणालीस तेव्हा?”

मी पडवीकडे बघितलं, जवेरियाला ऐकू जात नाही ना.

“‘सुटले,’ म्हणालीस. दोनदा म्हणालीस. जवेरियाला सांगू?”

सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. मी त्यांचं सगळं केलं. तो शब्द माझ्या तोंडून कसा निघाला, मला आजही माहीत नाही. पण तिथे कुणी नव्हतं. तौहीद कुवेतला होते, सुट्टी मिळाली नव्हती. फोन फळीवर होता. बंद होता. पडदा काळा होता, हे मला पक्कं आठवतं, कारण त्या काळ्या पडद्यात मी माझंच तोंड बघितलं होतं.

“कोण आहेस तू?” मी विचारलं.

त्याने तोंड हलवलं. आवाज आला नाही. मग तो पुढे वाकला, माझ्या खांद्यावरून पलीकडे पडवीत बघावं तसा, आणि हसला.

मी फोन उपडा केला. ते अॅप काढलं, फोन बंद केला, ओढणीत गुंडाळला आणि तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात खोल खुपसून ठेवला.

शुक्रवारी दुपारी साजिदच्या नंबरवरून पुन्हा फोन आला. मी तोच प्रश्न विचारला.

“झियान,” तौहीद म्हणाले. आवाज भरून आला होता. “हे आज का काढतेस गो?”

“आणि अम्मी गेल्या त्या दिवशी मी काय म्हणाले?”

“मी कुठे होतो तिथे? मला काय माहीत?”

त्यांना माहीत नव्हतं, म्हणून मला कळलं की हेच माझे आहेत.

“सुट्टी पुढे आणलीय,” ते म्हणाले. “उद्या पोचतो. तोपर्यंत पोरीला नजरेआड करू नको.”

७

शनिवारी तौहीद मुंबईला उतरले आणि गाडीने आगरदांड्याला आले. दिघीला जाणाऱ्या बोटीत बसल्यावर त्यांनी कुणाच्या तरी फोनवरून कळवलं, अर्ध्या तासात येतो.

लॉजवाल्याने शेवटचं बजावलं होतं, म्हणून भाकऱ्या केल्या होत्या. पण मोठ्या रस्त्याला गेले नाही. रिक्षावाल्याला आमच्या वाडीच्या तोंडाशी बोलावलं. घरापासून पन्नास पावलं. तिथून आमचं पुढचं दार सरळ दिसतं. जवेरियाला सांगितलं, आतून कडी लाव, माझा आवाज आल्याशिवाय उघडू नको. डबा दिला तेव्हाही मी दाराकडेच बघत होते.

त्याच वळणावर तौहीद आले. खांद्याला बॅग, पायात कारखान्याचे जाड काळे बूट. दाढी वाढलेली. सखुबाई रिकामी पाटी घेऊन चालली होती, ती थांबून म्हणाली, “आज तरी बोला शेठ.” ते तिच्याशी बोलले, मोठ्याने, नेहमीसारखे. मला रडू आलं.

आम्ही पडवीत चढलो. मी दार वाजवलं.

“जवेरिया, उघड. अब्बा आले.”

आत काही हललं नाही. मग दाराच्या अगदी जवळून तिचा आवाज आला.

“अम्मी, तू एकटी आहेस?”

“नाही गो. अब्बा आहेत ना बरोबर.”

“अब्बा इथे आहेत,” ती म्हणाली. “फोनवर.”

मी म्हटलं, “फोन डब्यात आहे, बेटा. बंद आहे.”

“डब्यात वाजला. मी काढला.” ती हुंदके द्यायला लागली. “अब्बा म्हणतात, अम्मीबरोबर कुणीतरी आहे. त्याचं तोंड माझ्यासारखं असेल. उघडू नको.”

तौहीदनी दोन्ही तळवे दारावर टेकवले. “जवेरिया, मी आहे गो. तुझ्यासाठी रंगपेट्या आणल्यात. ऐक माझं.”

“आवाज पण तसाच काढेल, असं म्हणाले,” जवेरिया रडत म्हणाली.

“अम्मीचं ऐक,” मी म्हटलं. “अम्मी सांगते ना.”

“तूच सांगितलंस, अब्बांचं ऐकायचं. दुसऱ्या कुणाचं नाही.”

तौहीद खांद्याने दार ढकलत होते. सागवानी दार, त्यांच्या आजोबांनी बसवलेलं. ते हललंही नाही. आत जवेरिया कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी गप्प झाली होती. मग ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात रडणं नव्हतं, “अब्बा म्हणतात, भिऊ नको. मी मागच्या दाराने येतो.”

तिची पावलं आत गेली. आणि घराच्या पलीकडून तो आवाज आला. कडीवर बत्ता. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा कडी निघाली.

८

घराच्या बाजूने मागे जायला गडग्यालगत बोळ आहे, एका माणसापुरता. तौहीद पुढे, मी मागे. सोडणांच्या ढिगावरून मी पडले, उठले.

मागचं दार सताड उघडं होतं. जवेरिया बाहेरच्या पायरीवर उभी होती. एका हातात बत्ता, दुसऱ्या हातात फोन. पडदा काळा होता. तिला काही झालं नव्हतं. मी तिला पोटाशी धरलं, तिचे हात, मान, तोंड चाचपून बघितलं.

“कोण होतं? जवेरिया, कोण आलं होतं?”

ती माझ्या कुशीतून दाराकडे बघत होती.

“ते आत गेले, अम्मी.”

पायरी ओली होती.

तौहीद बुटांसकट आत शिरले. आमच्या घरात कुणी चपलेनेही आत जात नाही, पण तेव्हा कोण बघतंय. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. बूट स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत गेले. खोलीतून पडवीच्या दारापर्यंत. परत आले. फळीखाली थांबले.

मग आतून आवाज आला. टक, टक. खोकला.

त्यानंतर मशिदीच्या भोंग्यातून आला. टक, टक. खोकला. अजान सुरू झाली आणि संपेपर्यंत घरातून दुसरा काहीही आवाज आला नाही.

अजान संपली. तौहीद दारात आले.

“कोणी नाही,” ते म्हणाले.

त्यांचे पाय अनवाणी होते.

जवेरियाने माझे हात सोडवले. थोड्या वेळापूर्वी त्यांच्या आवाजाला घाबरून जी दारामागे रडत होती, ती सरळ चालत गेली आणि त्यांचं बोट धरलं.

९

या गोष्टीला आता तीन महिने झाले. ते कुवेतला परत गेले नाहीत. इथेच काहीतरी करू म्हणतात. अलिबागला तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी फोन तपासून परत दिला. त्या आठवड्यात त्यावर एकही कॉल आल्याची नोंद नाही, म्हणाले. नूतन बाई म्हणतात, ताई, संकट टळलं, मुलगी आता बापाला बिलगून असते, याहून काय हवं?

बूट मला घरात सापडले नाहीत. मी माळ्यावर बघितलं, मोरीत बघितलं, विहिरीतसुद्धा वाकून बघितलं. त्यांना विचारलं, तर म्हणाले, “कसले बूट?” माणूस गडबडीत विसरतो. मीही कितीतरी गोष्टी विसरते.

संध्याकाळी ते फळीखाली बसतात. मगरिबच्या आधी मान वर करतात आणि घसा साफ करतात. मग नजमुद्दीन चाचा माइकवर टकटक करतात. यांची लहानपणापासूनची सवय आहे, वेळ अंगात भिनते, असं मी स्वतःला सांगते. लॉजवाल्यांना साठ आणि मला एक पण नाही, हे मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत.

परवा दुपारी ते जवेरियाला घेऊन दुकानात गेले होते. मी तांदूळ काढायला डबा उघडला. त्यात तो फोन होता, मीच बंद करून ठेवलेला. हातात घेतला आणि तो लागला.

पडद्यावर काही दिसत नव्हतं. नुसता अंधार. त्यात कुणीतरी चालत होतं. जाड बुटांचा आवाज. स्वयंपाकघर, मधली खोली, पडवीचं दार. तेवढीच पावलं, आमच्या घरात जितकी पडतात तितकी. परत मागे. फळीखाली थांबणं. पुन्हा सुरू.

लग्नापासून मी त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती.

“तौहीद,” मी म्हटलं.

बूट थांबले. कुणीतरी दारावर दोन्ही तळवे टेकवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात फाटक वाजलं. दोघं परत आली होती, हातात हात घालून. मी फोन तांदळात खोल दाबला आणि झाकण लावलं. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. माझ्या हाताला लागलेल्या तांदळाकडे बघितलं.

“कुणाशी बोलत होतीस?”

“कुणाशी नाही.”

ते पुढे आले आणि मागच्या दाराची कडी हाताने चाचपली. वर होती. त्यांनी जवेरियाकडे बघून मान डोलावली आणि जवेरियाने बत्ता उचलून फळीवर, त्यांच्या हाताशी ठेवला.

मुलांना सारखं विचारत राहा, समोर कोण आहे, असं बाईंनी सांगितलं होतं. मी अजून विचारते. रोज वेणी घालताना, तिच्या कानाशी, हळूच.

जवेरिया म्हणते, “अब्बा.” आणि मग ती मान वळवून दाराकडे बघते, बरोबर सांगितलं ना, अशी.